लातूरच्या फाटकावरचं भांडण

गंगाधर,

तुझ्या जलदान विधीला लोकांनी मला माइक दिला आणि मी तो तसाच शेजारच्या माणसाच्या हातात दिला. सगळ्यांना वाटलं, शेषरावला गहिवरून आलं. सुमनवहिनीलाही तसंच वाटलं असणार, कारण तिनं लगेच माझ्याकडे पाण्याचा तांब्या पाठवला. खरं सांगतो, मला राग आला होता. तुझ्या फोटोला हार घातलेला, मेणबत्त्या लावलेल्या, त्रिशरण-पंचशील नुकतंच संपलेलं, आणि मी मांडवात मांडी घालून मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो. अशा माणसानं माइक घेऊ नये. माझं उभं आयुष्य जनावरांच्या बाजारात गेलं. रागात तोंड उघडणाऱ्याचा सौदा कसा फिसकटतो, ते मला दुसऱ्यानं सांगायला नको.

जे बोलले त्यांनी तुला लई मोठं केलं. तू झुंजार होतास, निर्भय होतास, गोरगरिबांच्या औषधपाण्यासाठी लढलास. एकानं तर तुला दीपस्तंभ म्हटलं. तू असतास तर माझ्या कानाशी येऊन म्हणाला असतास, "ह्या गड्याला एकदा माझ्या जीपच्या टपावर बसवायला पायजे हुतं, मंग निर्भय काय असतंय ते कळलं असतं." तुला भीती वाटायची, गंगाधर. सुईची वाटायची. मशीनवर घ्यायच्या आधी ती जाड सुई हातात जाताना तू तोंड भिंतीकडे करायचास आणि मला म्हणायचास, "बोल कायतरी. आज कुणाच्या बैलाचे दात बघितलास?" मग मी कुठल्यातरी बैलाची गोष्ट सांगत सुटायचो. अर्ध्या गोष्टी मी तिथल्या तिथे रचलेल्या असायच्या. तुला ते कळायचं. हे मांडवात कोणी सांगितलं नाही, कारण त्या खोलीत तुझ्याजवळ उभं राहिलेलं कोणी तिथे बोलायला नव्हतं.

ती खोली म्हणजे काय होतं, ते आपल्या तालुक्याबाहेरच्या माणसाला समजणार नाही. तुझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा डॉक्टरनं सांगितलं, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, जगेपर्यंत. तू विचारलंस, "आन् एकदाच घेतलं तर?" डॉक्टरनं कागदावरच्या 'दोनदा'खाली आणखी एक रेघ ओढली. त्याच्या थोडेच दिवस आधी आपल्या सरकारी दवाखान्यात मशिनी आल्या होत्या. तू घरून चालत जायचास. सुमनवहिनी आश्रमशाळेत स्वयंपाकाला जायची. ती सकाळचं जेवण उरकून तुझ्याकडे यायची आणि संध्याकाळच्या जेवणाला परत जायची. तिचं काम चालू होतं, तुझं रक्त चालू होतं. शेजारच्या खाटेवर रहीमचाचा, पलीकडे अनुसयाबाई. तिघांची पाण्यावरून गंमत चालायची. दिवसाला मोजकंच पाणी प्यायची मुभा, तरी रहीमचाचा रोज स्वप्नात विहीर पिऊन यायचे आणि सकाळी तिची चव सांगायचे. तुझ्या हातात मशीनसाठी शीर जोडली होती तिथे बोट ठेवलं की आत काहीतरी भुरभुरायचं. पहिल्यांदा हात लावला तेव्हा मी झटकन मागे घेतला होता. तू हसलास. "इंजन चालू हाय शेषा, भिऊ नको."

मग सरकारनं आरोग्याची सुधारणा काढली. छोट्या दवाखान्यांतल्या मशिनी उचलायच्या, नांदेडला एका जागी आणायच्या, एका कंपनीच्या ताब्यात द्यायच्या. मोठे डॉक्टर, नवी इमारत, गार हवा. कागदावर वाईट दिसत नव्हतं. मी तुला तसं म्हणालोही. तू विचारलंस, "आन् यायचं जायचं?" एवढी एकच गोष्ट त्यात कोणी लिहिली नव्हती. हे सगळं ठरवायला लातूरला मोठी बैठक होणार होती. डॉक्टरांच्या संघटना येणार, पुढारी येणार, कंपनीची माणसं येणार, पुण्याहून सल्ला देणारे येणार. ज्यांच्या हातात सुई जाते त्यांच्यापैकी एकालाही बोलावणं नव्हतं. रहीमचाचांनी पेपरमधून मोठ्यानं वाचलं, "सर्व घटकांशी चर्चा करून निर्णय." तू खाटेवरून म्हणालास, "आपुन कोणता घटक हाव, चाचा?" सगळी खोली हसली. पण दुसऱ्या दिवशी तू दवाखान्याच्या फाटकासमोर सतरंजी टाकलीस.

तू धरणं धरलंस आणि मी तुझ्यामागे आलो. मला सरकारचं काही पडलेलं नव्हतं, तुझं पडलं होतं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आपण विशीतले होतो. तुझी जीप नवी होती, म्हणजे तुला नवी, आधी ती दोघांनी वापरून टाकलेली. दगडमातीतून काढलेली माणसं तू त्या जीपमधून लातूरला नेलीस आणि मी मागे बसून त्यांची डोकी मांडीवर धरली. तोपर्यंत मी बाजारात दुसऱ्यांच्या जनावरांची दावी धरणारा माणूस होतो, ना जमीन ना जनावर. तुझ्या घरच्या ताटात मी तेव्हा पहिल्यांदा जेवलो आणि माझ्या घरी ते कळल्यावर काय झालं ते तुला ठाऊक आहे. त्या दिवसांत लातूरच्या दवाखान्याच्या दारात आपल्याला कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दार सताड उघडं होतं. मला वाटतं, म्हणूनच तुला इतक्या वर्षांनी त्याच गावातल्या बंद फाटकाचा इतका संताप आला. मी हे तुला कधी म्हणालो नाही. आपण अशा गोष्टी बोलत नव्हतो.

आपण भांडायचो ते रुमालावरून. बाजारात दोघांच्या हातांवर रुमाल टाकून आत बोटं दाबत भाव ठरवायचा, ही आमची रीत. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते कळत नाही. भाव जुळला की रुमाल काढायचा, हातावर हात मारायचा, आणि मग आभाळ कोसळलं तरी तो सौदा फिरत नाही. बैल घरी जाताना वाटेत मेला तरी नाही. त्या एका रीतीवर मी शून्यातून वर आलो. माझ्या हाताला बाजारात किंमत आली ती मी दिलेला हात कधी मागे घेतला नाही म्हणून. तू मात्र रुमाल बघितला की चिडायचास. "दोघाला कळतंय, तिसऱ्याला न्हाई. ज्याचा बैल हाय त्यालाबी न्हाई," म्हणायचास. एकदा म्हणालास, तुझा बाप बाजाराच्या कडेला लांब उभा राहायचा, आणि त्याच्या वस्तूचा भाव त्याला सगळ्यात शेवटी कळायचा. मी त्यावर बोलायला गेलो होतो, तर तू जीप सुरू केलीस.

आता लातूरच्या फाटकाचं. माझ्याकडून त्याचा हिशोब असा आहे, आणि तू कुठे असशील तिथून तो ऐकून घे.

धरण्याला लोक वाढले, दवाखान्यासमोर मांडव पडला. किनवटकडून जंगलातल्या गावांचे काही लोक आले, त्यांच्या दवाखान्यातून बाळंतपणाचं सामानच उचललं होतं. मग एक दिवस आरोग्य खात्याचे मोठे साहेब गाडी घेऊन आले. ते मांडवात बसले नाहीत. कोणाशी बोलायचं, असं त्यांच्या माणसानं विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. तूसुद्धा. ते विसरू नकोस. साहेबांनी मला गाडीत घेतलं, काचा वर केल्या. मी घासाघीस केली ती आयुष्यातली सगळ्यात चांगली. त्यांना त्या दिवशी मांडव उठायला हवा होता, कोणीतरी वरचं माणूस येणार होतं. मी सुरुवात वीस लोकांपासून केली. ते एकावर आले. मी उतरलो, ते चढले, आणि पाच जणांवर जुळलं. लातूरच्या बैठकीत पाच आजारी माणसं आत बसणार आणि सगळ्यात आधी बोलणार. साहेबांनी हात पुढे केला. मी हात दिला. घट्ट.

बाहेर येऊन मी सांगितलं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू वाजवल्या नाहीस. तू म्हणालास, "साहेबाला म्हणाव, हेच मांडवात यिऊन माइकवर सांगा." मी म्हणालो, हात दिलाय. तू म्हणालास, "त्या माणसानं सकाळपासून चाळीस जणाला हात दिला असंल, शेषा. त्यांच्यात हात देणं म्हणजे रामराम असतोय." माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर माझ्या हातावर शंका घेणारा तू पहिला माणूस. मी स्वतः मांडवाचे बांबू उपटले. तू सतरंजीची घडी घातलीस आणि काखेत मारून घरी गेलास.

तू नंतर लोकांना सांगितलंस, शेषानं चूक केली. मी आजही तसं मानत नाही. मी हात दिला तो दिला. फिरवला त्यानं. माझ्या बाजारात तो माणूस दुसऱ्या दिवशी तोंड दाखवू शकला नसता. तिकडे त्याला बढती मिळाली असेल तर मला माहीत नाही.

लातूरला आपण गेलो त्या दिवशी ऊन कसलं होतं. तुम्ही पाच जण, सोबतीला आम्ही काही. दुसऱ्या दिवशी तुझी मशीनची पाळी, म्हणजे अंगात पाणी साठलेलं, पाय सुजलेले, चपलेचा अंगठा तुटायला आलेला. तहान लागू नये म्हणून तू तोंडात लवंग धरली होतीस. फाटकावर तुमची नावं नव्हती. मी साहेबांचं नाव सांगितलं, गाडीचा रंग सांगितला, गाडीत कोण कुठे बसलं होतं ते सांगितलं. थोड्या वेळानं साहेब स्वतः आले, गाडीतूनच. मी पुढे झालो. त्यांनी काच खाली केली, हसून नमस्कार केला आणि आत गेले. त्यांना मी आठवत नव्हतो, गंगाधर. ओळख लपवणाऱ्याचा चेहरा मला कळतो, तसा तो चेहरा नव्हता. त्यांना खरंच आठवत नव्हतं. त्या दिवसापासून मला झोपेतून उठवतं ते हे.

आपण फुटपाथवर बसलो. आतून स्पीकरवर भाषण ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते, टाळ्या तेवढ्या कळायच्या. पहाऱ्यावरच्या पोलिसानं आपली पाण्याची बाटली दिली. तू ओठ ओले करून परत केलीस आणि त्याला म्हणालास, "बाळा, मला पाणी पाजलास तर तुझ्यावर केस हुईल." तो बिचारा घाबरला. अनुसयाबाई हसून हसून खोकली.

दुपार कलल्यावर आतून एक बाई आली. म्हणाली, एकाला सोडता येईल. दोन मिनिटं बोलू देऊ, शेवटी. मी ताबडतोब तुझा दंड धरला. ऊठ, जा. तू उठला नाहीस. "पाचाला सोडा," तू त्या बाईला म्हणालास. ती म्हणाली, तिच्या हातात नाही. तू म्हणालास, मग राहू द्या.

मी तुला बाजूला घेतलं. हे भांडण आपण पूर्ण केलंच नाही, म्हणून मी ते आज पुन्हा मांडतो. मी म्हणालो, पाचाचं एक झालं, हे मान्य. पण एक म्हणजे शून्य नाही. पाय तरी आत टाक. आत गेलेला माणूस दुसऱ्याला आत ओढू शकतो, बाहेर बसलेला नाही. बाही वर कर, तो हात दाखव, त्यांतल्या एकाला तरी बोट लावून बघायला सांग. तू म्हणालास, "मी एकटा गेलो की ते म्हणत्याल, आलते की तुमचे लोक. मंग आपलं वराडणंबी संपलं." मी म्हणालो, अर्धं मिळतंय ते घ्यायचं असतं. सगळं मागणारा उपाशी मरतो. मी आयुष्यभर असाच जगलो आणि काही वाईट जगलो नाही.

तेव्हा तू ते म्हणालास. आवाज न चढवता. "तू दलाल हाईस, शेषा. तुला अर्धं परवडतंय. मी दावणीचा बैल हाव. बैलाला कधी इचारलंस का, ह्यो भाव तुला परवडतोय का म्हणून?"

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही, हे सुमनवहिनी वाचेल. पण तुला ऐकू गेलं होतं. रहीमचाचा मध्ये पडले, "कायकू लड़तइं रे तुम दोनो, वो अंदरवाले हँसतइं तुमकू." आतले कोणी हसत नव्हते. आतल्यांना आपण दिसतच नव्हतो. ती बाई थोडा वेळ थांबली, मग घड्याळ बघून आत गेली. फाटक लागलं. येताना तू एका गाडीत बसलास, मी दुसऱ्या.

तू आत गेला असतास तर मशिनी राहिल्या असत्या का? रोज या प्रश्नाला मी वेगळं उत्तर देतो. सकाळी वाटतं, राहिल्या असत्या. तुझा हात बघून एखाद्यानं कागदावरची सही थांबवली असती. संध्याकाळी वाटतं, दोन मिनिटांनी कोणाचं काय होतं. पण निदान मला कळलं असतं. तू मला ते कळू दिलं नाहीस, हा माझा तुझ्यावरचा राग आहे, आणि तो तुझ्या फोटोला हार घातल्यानं जाणारा नाही.

आपला अबोला पडला. तू मोठा की मी मोठा, हे बघत बसलो दोघं. मशिनी न्यायला ट्रक आला त्या दिवशी मी दवाखान्यात आलो होतो. तू पायरीवर बसला होतास. हमालांनी मशीन दोरानं बांधली आणि तू त्यांना म्हणालास, "डाव्या बाजूनं धर बाबा, तिचा पाइप निघतोय." आपण एकमेकांपासून दहा-बारा पावलांवर होतो. ट्रक गेला. खोलीत भिंतीवर खाटांचे डाग राहिले. मी तुझ्याकडे बघितलं, तू रस्त्याकडे बघत होतास. एवढ्यावर मी घरी आलो.

मग तुमचं नांदेड सुरू झालं. पहाटे भाड्याची गाडी, तिथे नंबर लागेपर्यंत बसणं, मशीन, आणि अंधारात परत. एका माणसामागे घरातलं दुसरं माणूसही दिवसभर अडकायचं. रहीमचाचा मला बाजारात येऊन सांगायचे, तुझी चौकशी मी केली नाही तरी सांगायचे. आश्रमशाळेनं वहिनीला विचारलं, आठवड्यात दोन दिवस तू येणार नसशील तर आम्ही दुसरी बाई बघू का. हे मला चाचांनीच सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि एका गिऱ्हाइकाकडे वळलो.

आणि एकदा तू आलास. बाजारात, दावणीच्या टोकाला उभा राहिलास. चेहरा सुजलेला, ओठ काळे. मी चहा मागवला. तू कपातला अर्धा माझ्या कपात ओतलास, नेहमीसारखा. बैलांबद्दल बोललास, पावसाबद्दल बोललास. जाताना म्हणालास, "ये की एकदा नांदेडला. सुई टोचताना बोलायला कुणी न्हाई." मी म्हणालो, बघू.

गंगाधर, तू मला एवढी वर्षं ओळखत होतास. पहिल्या बोलीला मी कधी हो म्हटलंय का? माझ्या बाजारात पहिल्या बोलीला हो म्हणणं म्हणजे समोरच्याचा अपमान, त्याला वाटतं आपण जास्त बोललो. पहिल्यांदा मान वळवायची, दुसऱ्यांदा ऐकून घ्यायचं, तिसऱ्यांदा हात पुढे करायचा. मी दुसऱ्या बोलीची वाट बघत होतो. तू पाठमोरा झालास, थोडा पुढे गेलास, एका खोंडाच्या पाठीवर हात फिरवलास. मला वाटलं, आता वळेल. तू वळला नाहीस.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी वहिनीनं मला सांगितलं. रडत नव्हती. भांडी घासता घासता सांगितलं. तू नांदेडला दोनदाऐवजी एकदाच जात होतास. मशिनी गेल्यापासून दुसऱ्याच महिन्यात तू ते ठरवलंस. वहिनीला म्हणालास, तिथली मशीन मोठी हाय, तिथला डॉक्टर म्हणाला एकदा पुरे. वहिनीला खरं वाटलं. का नाही वाटणार? तिचं काम टिकलं. ती मला म्हणाली, "भावजी, मला वाटलं सुधारणा सुधारणा म्हणतेत ती हीच." मग तिनं घासलेलंच ताट पुन्हा घासायला घेतलं. तुझ्या छातीत पाणी भरलं त्या सकाळी तू तिला आधी आश्रमशाळेत जा म्हणालास, मुलं उपाशी राहतील म्हणालास. ती गेली नाही, एवढंच काय ते झालं. तू तिच्या समोर गेलास.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडतोय. लातूरला मला अर्ध्यावरून बोललास. पाच म्हणजे पाच, चार नाही. आणि घरी येऊन, कोणाला न विचारता, स्वतःच्या रक्ताचा सौदा तू अर्ध्यावर केलास. रुमालाखाली. माझ्याकडे एक शब्द टाकला असतास तर मी कशावर घासाघीस करायची ते मला कळलं असतं. आश्रमशाळेच्या माणसाला मी भेटलो असतो, गाडीवाल्याला भेटलो असतो, वहिनीच्या जागी मी बसलो असतो मशीनच्या बाहेर. हे मी करू शकलो असतो. एवढंच मला येतं. तुला ते माहीत होतं, आणि तू विचारलं नाहीस. की विचारलं होतंस? त्या चहाच्या दिवशी? हे मला आता कोण सांगणार.

तुझ्यानंतर नांदेडची भाड्याची गाडी बंद झाली. तुझी सीट कमी झाल्यावर गाडीवाल्याला परवडेना. रहीमचाचा घरी आले, बसले, चहा नको म्हणाले. मी माझी गाडी काढली. मागचे दोन सोमवार आणि गुरुवार मी त्यांना आणि अनुसयाबाईला नेतोय. तिथे काचेच्या दारावर कंपनीचं नाव आहे, गार हवा आहे, खुर्च्या चांगल्या आहेत. त्यात खोटं काही नव्हतं. सुई टोचताना चाचांना गोष्ट लागत नाही, ते स्वतःच टोचणाऱ्या पोराला विहिरीची गोष्ट सांगतात.

आज सोमवार. पहाटे अनुसयाबाईच्या दारात गाडी उभी केली तर ती तयार नव्हती. केस मोकळे, पदर कमरेला खोचलेला, चुलीत लाकूड सारत होती. तिची सून बाळंतीण आहे, लेक उसाच्या तोडीवर गेलाय. तुला माहीत आहे तिचं घर. ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "शेषराव, आता मी एकदाच यीन म्हणते. गुरुवारी. सोमवारचं राहू द्या."

मी गाडीतून खाली उतरलो.

"गंगाधरभाऊबी एकदाच जात हुते की," ती म्हणाली.

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, बरं, मग दोन आठवड्यांत तीनदा. ती माझ्याशी घासाघीस करत होती, गंगाधर. पन्नाशी ओलांडलेली बाई, पाय सुजलेले, आणि माझ्याशी भाव करत होती, आणि चांगला करत होती. बाजारात मी हा भाव घेतला असता. तिची अडचण खरी होती, माझ्या गाडीला गुरुवार सोपा होता, दोघांचं थोडं थोडं राहिलं असतं. जन्मभर मी असेच सौदे जुळवले. माझ्या तोंडातून निघालं, "माझ्याकडं दुसरा भाव न्हाई, अनुसयाबाई." मला माझाच आवाज ओळखू आला नाही.

ती म्हणाली, "मंग जावा तुमी. चाचाला उशीर हुईल."

चाचांनी गाडीतून हाक मारली. मी त्यांना हातानं थांबा म्हणालो आणि तिच्या उंबऱ्याबाहेर खाली बसलो. तिनं कमरेचा पदर सोडून पुन्हा खोचला. मग आत गेली. आत ती चूल विझवत होती की नवं लाकूड घालत होती, ते मला बाहेरून कळत नव्हतं. सुनेचं पोर रडलं, गप झालं. उजाडायला लागलं. नांदेडला नंबर मागे पडत होता, चाचा पुन्हा हाक मारत नव्हते, आणि मी उठत नव्हतो.

गंगाधर, तुझ्या दारात मी असा एकदाही बसलो नाही.